मॉरिशसच्या संग्रहालयात भेटलेला ऊस

मॉरिशस बेटावर जाऊन आलो असे कळल्यापासून नातेपुत्याच्या बाजारात भेटेल तो समुद्राचेच विचारतो. "साहेब, पाणी खरंच निळं असतं का?" असते. निळे असते, हिरवे असते आणि काठावर इतके नितळ असते की पायाची नखे दिसतात. पण आज वाचकांना सांगायचे आहे ते समुद्राचे नाही. त्या बेटावर उसाचा आणि उसात राबलेल्या माणसांचा इतिहास तीन ठिकाणी जपून ठेवला आहे. आयुष्याची अठ्ठावीस वर्षे ऊसवाल्या शेतकऱ्यांच्या बांधावर घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला समुद्रापेक्षा त्याचीच ओढ जास्त होती.

पुतण्या तिकडे नोकरीला आहे. त्याच्या आग्रहाने दिवाळीनंतर रजा काढली आणि आम्ही उभयता निघालो. मुंबईहून विमानाने सहा तास. अंतर सुमारे पावणेपाच हजार किलोमीटर. विषुववृत्ताच्या वर आपण जेवढे आहोत, जवळजवळ तेवढेच ते खाली आहेत. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे थंडी पडू लागते तेव्हा त्यांचा उन्हाळा सुरू होतो आणि आपल्या कारखान्यांची धुराडी पेटतात तेव्हा त्यांचा हंगाम संपत आलेला असतो. मुख्य बेटाचा आकार आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याएवढा. पाऊस मात्र सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे माळशिरस तालुक्याच्या चौपट.

विमान खाली येऊ लागले तशी खिडकीतून उसाची शेते दिसू लागली. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. सौभाग्यवतींना वाटले, समाध्या असतील. पुतण्याने सांगितले, हे ज्वालामुखीचे बेट आहे, जमीन दगडांनी भरलेली होती. ऊस लावण्यापूर्वी एकेक दगड हाताने उचलून हे ढीग रचले आहेत. माणूस दोन माणसे उंच ढीग पाहतो तेव्हा त्याला आधी दगड दिसतात, मग ते उचलणारे हात दिसू लागतात. आपल्याकडे ताल घालताना चार गाड्या दगड वेचले तरी कंबर धरते, हे ज्यांनी केले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

सोळा पायऱ्या

पोर्ट लुई ही त्या देशाची राजधानी. तिथल्या बंदराशेजारी दगडी बांधकामाची एक जुनी जागा आहे. तिला 'आप्रवासी घाट' म्हणतात. पूर्वीचे नाव 'कुली घाट'. १९८७ साली ते बदलले. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. आत जायला तिकीट नाही. शेजारी २०१४ साली माहिती देणारे संग्रहालयही उघडले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. या बेटावर मूळचे माणूस नव्हते. डच लोकांनी १६३९ साली जावा बेटाहून ऊस आणला. ते १७१० मध्ये बेट सोडून गेले. पाठोपाठ फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्कर येथून गुलाम आणून ऊस वाढवला. १८१० मध्ये इंग्रज आले. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्या वेळी नुकसानभरपाई दिली गेली, सुमारे वीस लाख पौंड. ती गुलामांना नव्हे, मालकांना मिळाली. सुटलेली माणसे पुन्हा त्या मळ्यांत पाऊल टाकायला तयार होईनात. मग मजूर आणायचे कोठून? हिंदुस्थानातून. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजाने कलकत्त्याहून छत्तीस मजूर आले. तेथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे आली. आजही २ नोव्हेंबरला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

हा करार पाच वर्षांचा. महिना पाच रुपये पगार, वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ. ऐकायला वाईट वाटत नाही. पण एक दिवस कामावर गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापत. त्याला 'डबल कट' म्हणत. मळ्याबाहेर परवान्याशिवाय फिरताना सापडले तर भटक्या म्हणून तुरुंग. आजारी पडलेल्या माणसाचा पाच वर्षांचा करार सहा-सात वर्षे चाले, कारण बुडालेले दिवस भरून द्यावे लागत.

घाटाची इमारत १८४९ साली उभी राहिली. बोटीतून उतरले की समोर दगडी पायऱ्या. त्या सोळा आहेत. त्या चढून माणूस आत यायचा, एक-दोन दिवस राहायचा, त्याची तपासणी व्हायची, नोंद व्हायची आणि मग मळेवाले येऊन त्याला घेऊन जायचे. इस्पितळाची जागा, मजुरांच्या राहण्याच्या चाळी, स्वयंपाकाची जागा, संडास, सगळ्यांचे अवशेष राखले आहेत. सौभाग्यवती चुलीच्या जागेपाशी बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, बोटीवरून उतरून पहिला शिजलेला भात इथे खाल्ला असेल ना त्यांनी?" मी मान हलवली. आमच्यापुढे शाळेची मुले रांगेने पायऱ्या चढत होती आणि मोठ्याने मोजत होती.

गाव : वाडी

नोंद कशी होई ते सांगण्यासारखे आहे. प्रत्येक माणसाला एक नंबर. त्या नंबरापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, परगणा, जिल्हा, जहाजाचे नाव. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. पुढे मळ्याबाहेर पडायचे तर फोटो लावलेला परवाना जवळ लागे. म्हणजे हे फोटो काही आठवण म्हणून काढलेले नव्हते, माणूस पळाला तर पकडता यावा म्हणून काढलेले होते. आज त्याच फोटोंसमोर नातवंडे-पणतवंडे हात जोडतात. या नोंदवह्या मोका गावातील महात्मा गांधी संस्थेत सांभाळून ठेवल्या आहेत. संस्थेची पायाभरणी १९७० साली इंदिरा गांधींच्या हस्ते झाली होती. २०१५ मध्ये या दप्तराची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत झाली.

याच संस्थेत एक लोकजीवन संग्रहालय आहे. मोठे नाही. पण जहाजातून आलेल्या आणि तिथे संसार मांडलेल्या माणसांच्या घरातल्या वस्तू तिथे आहेत : भांडी, दागिने, वाद्ये, पोथ्या, शेतीची हत्यारे. सोन्याची नाणी आणि राजांच्या तलवारी पाहायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना आधी काही विशेष वाटत नाही. "हे तर आमच्या माळ्यावर आहे," असे सौभाग्यवती दोनदा म्हणाल्या. नंतर मात्र गप्प झाल्या आणि एकेका भांड्याचा काठ वाकून पाहू लागल्या.

तिथेच एक वृद्ध गृहस्थ भेटले. आमचे बोलणे ऐकून जवळ आले. "तुम्ही महाराष्ट्रातले?" मराठी शुद्ध होते, पण शब्द एकेक जपून टाकल्यासारखे. मॉरिशसमध्ये मराठी लोक लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. मुंबई बंदरातून गेलेली ही माणसे, बहुतेक कोकणातली. घरी आता क्रिओल भाषा बोलतात, मराठी शाळेत शिकतात. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते. २०२३ च्या एप्रिलमध्ये मोका येथेच शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला. नावांचीही एक गंमत आहे, किंवा गंमत कसली म्हणायची! कारकुनाने माणसाचे जे नाव लिहिले तेच पुढे घराचे आडनाव होऊन बसले. एखादा सखाराम उतरला असेल तर त्याचे पणतू आज आडनाव 'सखाराम' लावतात. मूळचे आडनाव जहाजातच राहिले.

त्या गृहस्थांच्या हातात दप्तरातून मिळालेल्या नोंदीची प्रत होती. पणजोबांच्या वडिलांची. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड देण्याचे जाहीर केले, तेव्हापासून असे कागद शोधणारे वाढले आहेत. पण यांना कार्डाची घाई नव्हती. त्यांना गाव पाहिजे होते. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे गाव तुमच्या जवळ आहे का?"

मी चष्मा लावला. इंग्रजी अक्षर तिरके, शाई फिकी. जिल्हा रत्नागिरी, तेवढे लागले. परगण्याचे नाव कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. त्यातून दोन-तीन नावे निघू शकत होती. आणि गाव : वाडी.

वाचकहो, नुसते 'वाडी'! रत्नागिरी जिल्ह्यात किती वाड्या आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रत्येक गावाला वाडी आहे. वरची, खालची, मधली. त्या बिचाऱ्या माणसाला विचारले असेल, "गाव कोणते?" आणि तो घरच्या माणसाला सांगावे तसे 'वाडी' म्हणाला असेल. त्याच्या लेखी जगात वाडी एकच होती.

मी त्यांना हे सगळे समजावून सांगितले. परगणा लागला तर शोध थोडा आखडता येईल, जुन्या कागदांत बापाचे नाव जुळते का पाहता येईल, असेही म्हणालो. कागदाचा फोटो घेतला आहे, रत्नागिरीकडच्या एका निवृत्त तलाठी मित्राला पाठवला आहे. गृहस्थ निराश झाले नाहीत. उलट खुर्ची ओढून बसले आणि विचारू लागले, तिथे पाऊस किती पडतो, भात कधी लावतात, माती तांबडी असते ना? आजीने त्यांना माती तांबडी सांगितली होती, आणि आजीला तिच्या सासूने. मी कोकणातला नाही. तरी तासभर मी त्यांना लाल माती, राब भाजणे, रोपे उपटणे, चिखलणी हे सगळे सांगत बसलो. विस्तार अधिकारी म्हणून इतक्या वर्षांत इतके मन लावून ऐकणारा श्रोता मला क्वचितच मिळाला असेल.

बंद कारखान्यातले संग्रहालय

तिसरी जागा म्हणजे पाम्पलमूसजवळच्या बो प्लाँ येथील जुना साखर कारखाना. तो १९९९ साली बंद झाला. यंत्रे भंगारात न घालता तिथेच ठेवून २००२ मध्ये त्याचे संग्रहालय केले. फ्रेंच नावाचा अर्थ होतो 'साखरेची साहसकथा'. इथे तिकीट आहे आणि आपल्या खिशाच्या मानाने ते स्वस्त नाही. पण ऊसवाल्याने चुकवू नये अशी जागा. चरकाचे प्रचंड लाटे, रस तापवण्याच्या टाक्या, दाणा पाडण्याची भांडी, सगळे जागच्या जागी. वाफ नाही आणि वास नाही, एवढेच. आपल्या कारखान्यात कधी आत जाऊन पाहायला मिळत नाही; गेटवर वजन झाले की आपला आणि उसाचा संबंध संपतो. इथे मात्र मोळीपासून पोत्यापर्यंतचा रस्ता चालत पाहता येतो.

मला विशेष आवडले ते हे की गुलामगिरीचा भाग त्यांनी झाकून ठेवलेला नाही. साखर गोड कशी झाली याबरोबर ती कोणाच्या पाठीवर झाली, तेही भिंतीवर लिहिले आहे. शेवटी बशीत निरनिराळ्या कच्च्या साखरा चाखायला देतात. त्यांतली गडद काळपट साखर जिभेवर ठेवली आणि सौभाग्यवती म्हणाल्या, "ही तर काकवीच की!" अगदी तशीच. फरक एवढाच की तिथे ती छोट्या पुडीत घालून गुळाच्या कितीतरी पट भावाने विकतात. आपल्या गुऱ्हाळवाल्यांनी हे मनात ठेवावे.

उसाच्या जातींच्या बाबतीतही आपला त्यांच्याशी जुना संबंध आहे. १८२७ च्या सुमारास स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून जाड, रसाळ उसाचे बेणे हिंदुस्थानात आणले. आपल्या नीरा खोऱ्यात आजोबांच्या वेळी पुंड्या ऊस होता. मग कोइमतूरचे को ४१९ आले, मग को ७४०, आणि आता को ८६०३२ आणि पाडेगावचा फुले २६५. तिकडे १९५३ पासून त्यांचे स्वतःचे ऊस संशोधन केंद्र आहे. त्यांचा कल वादळात न लोळणाऱ्या जातींकडे असतो, कारण चक्रीवादळ बाकी सारे पीक साफ करते. ऊस तेवढा पुन्हा उभा राहतो. बेटावर उसाचे राज्य झाले त्याचे हेही एक कारण आहे.

मजुराचा शेतकरी कसा झाला, हा भाग मी सर्वांत लक्षपूर्वक वाचला. १८८० नंतर युरोपातल्या बीटच्या साखरेमुळे जगात भाव पडले. मोठे मळेवाले अडचणीत आले. त्यांनी कडेच्या, दगडाळ, दूरच्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले. पाच रुपये महिन्यातून मागे टाकलेल्या पैशांवर मजुरांनी ते घेतले, बरेचसे हप्त्यांनी. मळेवाल्यांना नको असलेली जमीन! तीच वेचून, ढीग रचून त्यांनी ऊस लावला. त्यांच्या पोरांनी शाळा पाहिल्या, नातवंडांनी कचेऱ्या. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिले पंतप्रधान झालेले शिवसागर रामगुलाम हे अशाच मजुराचे पुत्र होते.

आता त्या उसाचे दिवस फिरले आहेत, तेही सांगितले पाहिजे. १९७३ साली बेटावर सात लाख टनांवर साखर झाली होती. अलीकडे ती अडीच लाख टनांच्या आसपास किंवा त्याहून खाली असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अडीचशेहून अधिक छोटेमोठे कारखाने होते, आज तीन आहेत. रस्त्याने जाताना उसात एकटी उभी राहिलेली दगडी धुराडी दिसतात. लहान शेतकऱ्यांची मुले उसात उतरायला तयार नाहीत, कित्येक तुकडे पड आहेत. संग्रहालय सुंदर आहे, पण ते कारखाना बंद पडल्यावर झाले, हे आतून फिरताना माझ्या मनातून जात नव्हते.

आपल्या पाटाकाठचे

आपल्या भागातही हे सगळे घडले आहे. १९२८ मध्ये भाटघर धरण पुरे झाले, दहा वर्षांनी नीरेचा उजवा कालवा वाहू लागला आणि जिथे हुलगा-मटकी पिकत होती तिथे ऊस उभा राहिला. त्याच दशकात सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. शेतकऱ्यांनी कारखाना काढणे ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती! पुढे सहकारी कारखाने झाले. आज राज्यात सर्वाधिक कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचे नाव वर आहे. पण पहिल्या पाटपाण्याची पावती कशी होती, पहिल्या वर्षी उसाला काय दर मिळाला, मोट सुटून इंजिन कधी आले, हे विचारायला गेलो तर सांगणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आणि ऊसतोडीची माणसे? बीडकडून, नगरकडून दर दिवाळीनंतर आपल्या फडात येणाऱ्या टोळ्या. मॉरिशसला सरदार होता, इथे मुकादम आहे. तिथे करार, इथे उचल. नवरा-बायको मिळून हिशोबात 'एक कोयता'. आपल्या शेतातला ऊस गेली दहा वर्षे कोणी तोडला, त्यांतल्या एका बाईचे तरी पूर्ण नाव आणि गाव सांगा, असे मी परवा एका बैठकीत विचारले. चाळीस माणसांत तिघांना सांगता आले. एकाने नुसते 'तांडा' सांगितले.

परत आल्यावर मी इथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोललो. एक खोली रिकामी आहे. तिथे जुन्या वस्तू मांडायच्या आणि प्रत्येकीखाली ती कोणाच्या घरची, कशासाठी वापरत, हे मुलांच्या अक्षरात लिहायचे, असे ठरले आहे. आतापर्यंत एक लाकडी मोटेचे चाक, दोन जाती, बैलांच्या घुंगुरमाळा, पाटकऱ्याची एक काठी आणि १९५० च्या दशकातल्या ऊसबिलाच्या सात पावत्या जमल्या आहेत. कोपऱ्यात एक कोयता ठेवला आहे. तो दिला मागच्या हंगामात आलेल्या एका बाईंनी. मुलांनी त्यांचे नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असे सगळे विचारून चिठ्ठीवर लिहिले. बाईंना आधी संशय आला की कारखान्याची काही चौकशी आहे. कशासाठी ते समजल्यावर त्यांनी सासूचेही नाव लिहायला लावले. ती याच फडांत वीस वर्षे येत होती.

लोखंडी चरक अजून मिळालेला नाही. एक होता, तो दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याने वजनावर नेला. गुऱ्हाळाची काहील मात्र सापडली आहे, पाटापलीकडच्या एका वस्तीवर, गोठ्याशेजारी. मालकांना म्हटले, शाळेला द्या. म्हणाले, "देतो की. पण तोवर म्हशींना पाणी कशात पाजू?" सिमेंटची कुंडी बांधून देण्यासाठी वर्गणी सुरू केली आहे. वाळू एकाने कबूल केली आहे, सिमेंटची चार पोती हवी आहेत.